स्मरणिका छापण्याआधी जनरल रजिस्टर उघडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या जुन्या मिशनरी शाळांबद्दल वर्तमानपत्रांत जे काही छापून येते, त्याचा साचा ठरलेला आहे. दगडी इमारत, पांढऱ्या झग्यातले कडक फादर, हातातली छडी, आणि शेवटी नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी. धोबी तलावच्या सेंट झेवियर्स हायस्कूलचे नाव मराठी वाचकाला दोनच कारणांनी ठाऊक असते. सुनील गावसकर तिथे शिकले हे एक. दुसरे म्हणजे फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, ती या शाळेविरुद्ध. त्या दोघांची शाळा शारदाश्रम २ बाद ७४८, झेवियर्स सर्वबाद १४५, आणि त्यातही कांबळीचे ३७ धावांत ६ बळी. मैदानभर चेंडू आणायला धावलेल्या त्या पोरांमध्ये पुढे भारतासाठी कसोटी खेळलेला साईराज बहुतुले होता, हे मात्र फार थोड्यांना आठवते.

१८६९ साली सुरू झालेल्या शाळेचा इतिहास एका पराभवात आणि एका सलामीवीरात आटोपतो, याचा दोष एकट्या पत्रकारांवर टाकता येणार नाही. शाळा स्वतःच आपला इतिहास तसा लिहितात. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ची, माझगावची सेंट मेरीज १८६४ची, पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स १८६७ची. येशूसंघीय म्हणजे जेझुइट फादरांनी पाच-सहा वर्षांत उभ्या केलेल्या या मुलांच्या शाळांचे दीडशेवे वर्ष होऊन गेले आहे आणि पावणेदोनशेवे आज ना उद्या येईल. तेव्हा पुन्हा समिती बसेल, जाहिराती गोळा होतील, आर्ट पेपरवर संदेश छापले जातील, आणि मजकूर मागच्या स्मरणिकेतून उचलला जाईल. हे टाळायचे असेल तर काम आतापासून करावे लागेल, आणि ते शाळेच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटापासून सुरू होते.

त्या कपाटात जनरल रजिस्टर असते. आपल्या राज्यात शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे याच रजिस्टरातल्या एका ओळीचा उतारा, आणि दाखल्याच्या तळाशी तसे लिहिलेलेही असते. अनुक्रमांक, नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख व इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. वर्तणुकीचा रकाना सोडून द्यावा. तिथे सगळ्यांची ‘चांगली’च असते, छपराची कौले फोडणाऱ्याचीसुद्धा. बाकीचे रकाने मात्र सोने आहेत. दहा-दहा वर्षांच्या अंतराने पन्नास-पन्नास ओळी वाचल्या, तरी गिरगाव, काळबादेवी, माझगाव, परळ, मग दादर, मग अंधेरी-बोरिवली असे शहर सरकताना दिसते. बाप कुठून कुठे गेला हे ‘सोडल्याचे कारण’ सांगते. आधीच्या शाळेचा रकाना पाहिला की कोणत्या पॅरिश (म्हणजे चर्चच्या) शाळेतून आणि कोणत्या म्युनिसिपल मराठी शाळेतून मुले इथे येत होती ते कळते.

पण हे रजिस्टर वाचायला शिकावे लागते, आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

पहिली चूक इयत्तेची. जुन्या मुंबई इलाख्यात चार इयत्ता देशी भाषेत झाल्यावर इंग्रजी पहिली सुरू होई आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. म्हणजे १९३० साली ‘पाचवीतून शाळा सोडली’ असे दिसले, तर तो दहा वर्षांचा पोर नसून पुढच्या हिशेबातला नववीचा मुलगा आहे. युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांच्या वर्गांची मोजणी आणखी निराळी, कारण ते केंब्रिजच्या परीक्षेला बसत. माझगावच्या सेंट मेरीजमध्ये आजही आयसीएसई आणि एसएससी अशा दोन शाळा नांदतात. अशा ठिकाणी कोणते रजिस्टर कोणत्या विभागाचे हे आधी नक्की केल्याशिवाय एकही आकडा उतरवू नये. मॅट्रिकची परीक्षा १८५९पासून मुंबई विद्यापीठ घेई. १९४९पासून एसएससी बोर्डाची परीक्षा आली. १९७५च्या मार्चमध्ये जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची अशा दोन तुकड्या एकदमच बाहेर पडल्या. त्या वर्षी शाळा सोडणाऱ्यांचा आकडा दुप्पट दिसतो. एका स्मरणिकेत त्याची कारणमीमांसा ‘शाळेच्या लोकप्रियतेचा कळस’ अशी वाचायला मिळते!

जुन्या तारखांचाही घोळ असतो. एकोणिसाव्या शतकात मॅट्रिक नोव्हेंबरात होत असे, पुढे ती मार्चमध्ये गेली. म्हणून डिसेंबर-जानेवारीत नावे कमी झालेली दिसली की लगेच प्लेगची साथ शोधू नये. (१८९६-९७ची गोष्ट निराळी. तेव्हा मुंबई खरोखरच अर्धीअधिक रिकामी झाल्यासारखी होती. पण तेही आधीच्या तीन वर्षांच्या आकड्यांशी ताडून म्हणावे.)

दुसरी चूक नावांची. हिंदू मुलांची नावे जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनावाशिवाय आहेत, नुसते मुलाचे आणि बापाचे नाव. ख्रिस्ती मुलांचे उलटे. डिसोझा हे एकच आडनाव चार-पाच स्पेलिंगांनी लिहिलेले सापडते; कारकुनाने कधी ते ‘डी’खाली, तर कधी ‘एस’खाली लावलेले असते. त्यावर बाप्तिस्म्याच्या दाखल्याची भर. जुनी चर्च-रजिस्टरे लॅटिनमध्ये असत, त्यामुळे घरचा जॉन तिथे योआनेस होतो आणि अँथनीचा अँतोनिउस. शिवाय त्या दाखल्यावर दोन तारखा असतात, जन्माची आणि बाप्तिस्म्याची. घाईत कारकुनाने दुसरी उतरवली की मुलगा काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी लहान होतो, आणि आयुष्यभर तसाच राहतो. तरीही खेड्यापाड्यांतल्या शाळांत १ जूनच्या जन्मतारखांचे जे पीक दिसते, ते कॅथलिक मुलांच्या नोंदींत सहसा दिसत नाही, कारण घरच्यांच्या हाती पॅरिशचा कागद असे.

तिसरी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक मोजणीची. रजिस्टर क्रमांक सलग असतात असे गृहीत धरून ‘आजवर इतके हजार विद्यार्थी घडले’ असे छापले जाते. प्राथमिक आणि माध्यमिक विभागाची रजिस्टरे वेगळी असतील तर पाचवीत आलेल्या त्याच मुलाला नवा क्रमांक मिळतो, म्हणजे तो दोनदा मोजला गेला. मध्येच शाळा सोडून परत आलेल्याला कधी जुना क्रमांक लाल शाईने, तर कधी नवा. एखाद्या मुख्याध्यापकाने क्रमांक पुन्हा एकपासून सुरू केले असतील, तर एकाच क्रमांकाची दोन मुले निघतात. तेव्हा क्रमांक मोजू नयेत. नाव, बापाचे नाव आणि जन्मतारीख या तिन्हींच्या जोडीने मुले मोजावीत.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. समजा शाळेत वर्षाला शंभर प्रवेश झाले, तर दीडशे वर्षांच्या पंधरा हजार ओळी. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एक नोंद आडवी जाते. अशा जोडपानावर वीस नोंदी धरल्या तर साडेसातशे जोडपाने. एकाने पान उलटायचे आणि दुसऱ्याने फोटो घ्यायचा असे बसले, तर तासाला साठ जोडपाने सहज होतात. म्हणजे बारा-तेरा तासांचे काम, दोन-तीन शनिवार. फोटो मोबाईलनेही निघतात, पण स्टँडवर लावून, फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे. जुनी रजिस्टरे फुलस्केप आकाराची, सुमारे तेरा इंच बाय आठ. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एका वेळी एकच पान घेतले तर इंचाला तीनशे ठिपके मिळतात. जोडपान एकदम घेतले की शेऱ्याच्या रकान्यातले बारीक अक्षर गेलेच. रंगीतच घ्यावेत, काळ्या-पांढऱ्या प्रतीत लाल शाईची दुरुस्ती आणि मूळ नोंद यांतला फरक नाहीसा होतो, आणि वादाच्या वेळी नेमका तोच लागतो. शिवण घट्ट असलेले रजिस्टर झेरॉक्सच्या काचेवर उपडे दाबू नये, पाठ मोडते. दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे उतार करून ते अर्धेच उघडावे. फाटलेल्या पानाला सेलोटेप कदापि नको. काही वर्षांत चिकट डाग उरतो आणि टेप गळून पडतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट. पातळ जपानी कागद आणि पिठाची खळ एवढ्यावर काम भागते, आणि ते जमत नसेल तर पान तसेच पाकिटात ठेवावे. हातमोजे लागत नाहीत. धुऊन कोरडे केलेले हात पुरतात. पावसाळ्यात हे काम काढूच नये. मुंबईच्या जुलैत कागद दमट होऊन फुगतो, शाई पुसट होते आणि कसर तिथेच बसलेली असते.

फोटोंपेक्षा उतरवून घेण्याचे काम मोठे. एका ओळीला तीन मिनिटे धरली तर साडेसातशे तास. पंचवीस माजी विद्यार्थ्यांनी तीस-तीस तास दिले की झाले. अट एकच, जे लिहिले आहे तेच उतरवायचे. स्पेलिंग सुधारायचे नाही, ‘काय असावे’ हे वेगळ्या रकान्यात. सगळ्यांनी पहिल्या शंभर ओळी त्याच उतरवाव्यात आणि मग ताडून पाहाव्यात. कोण ‘1’ला ‘7’ वाचतो ते लगेच कळते.

याला ऑफिसचा विरोध असतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. जातपडताळणीसाठी १९५० किंवा १९६७पूर्वीची नोंद मागायला लोक येतात, २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर राज्यभर जुनी शालेय रजिस्टरे कपाटांबाहेर आली, आणि खाडाखोडीचा संशय घेतला गेला की आधी कारकून अडकतो. पण चांगली प्रत असली की मूळ पानाला दर वेळी बोटे लागत नाहीत, आणि आज पानावर काय आहे त्याचा पुरावाही राहतो. तीन प्रती, त्यांतली एक शाळेच्या इमारतीबाहेर. जिवंत माणसांच्या जातीच्या आणि जन्माच्या नोंदी मात्र इंटरनेटवर टाकण्याच्या नाहीत. माजी विद्यार्थी संघाच्या उत्साहाला इथे लगाम हवा.

रजिस्टरात मुले सापडतात. शाळा कशी चालली हे दुसऱ्या कागदांत आहे. येशूसंघाच्या प्रत्येक घरात, म्हणजे फादरांच्या निवासात, घराची बखर लिहिण्याची शिस्त असते, ‘हिस्तोरिया दोमुस’. शिवाय प्रांताचे वार्षिक कॅटलॉग लॅटिनमध्ये छापले जात, त्यांत त्या वर्षी कोण रेक्टर (घराचा प्रमुख), कोण अभ्यासाचा प्रीफेक्ट (अभ्यासावर देखरेख करणारा फादर), कोण कोणत्या वर्गाला शिकवतो हे एकेका ओळीत दिलेले असते. ‘अमुक फादर सुमारे १८९०च्या दरम्यान’ असे लिहिण्याची त्यामुळे गरजच राहत नाही. अडचण भाषेची आणि लिपीची. १८५०च्या दशकात मुंबई-पुण्याचे मिशन जर्मन फादरांकडे आले. त्यांचे खासगी टिपण कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत. मोडी वाचणारे आपल्याकडे अजून सापडतात, कुरेंट वाचणारे जर्मनीतही कमी झालेत. पहिल्या महायुद्धात हे फादर शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, नजरकैदेत गेले, आणि १९१५-१६मध्ये बहुतेकांना परत पाठवले गेले. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला स्पॅनिश फादर आले. इतिहासकार फादर हेरास त्यांच्यापैकीच, १९२२चे.

ही मधली सहा-सात वर्षे प्रत्येक स्मरणिकेत एका वाक्यात उरकलेली असतात. मला तर ती सर्वांत महत्त्वाची वाटतात. प्रीफेक्ट गेला, विज्ञान शिकवणारा गेला, वाद्यवृंद बसवणारा गेला; तरी शाळा बंद पडली नाही. मग ती कोणी चालवली? उत्तर शिक्षकांच्या हजेरीच्या मस्टरात आणि पगारपत्रकात आहे. उरलेले स्विस आणि देशी फादर, आणि त्यांच्या जोडीला धोतर-कोट घालून येणारे मराठी, संस्कृत, गणिताचे मास्तर, पारशी आणि गोवेकर शिक्षक. फादरांच्या तसबिरी भिंतीवर लागल्या, यांची नावे मस्टरातच राहिली. कॅथलिक शाळेच्या इतिहासात बिगरकॅथलिक शिक्षकांचे प्रकरण नसेल, तर तो इतिहास अर्धा आहे असे मी समजतो.

विद्यार्थिजीवनाचेही तसेच. आठवणी लिहायला सांगितल्या की सत्तरीचे सगळे गृहस्थ एकच आठवण लिहितात: छडी आणि तिच्याबद्दलची कृतज्ञता. त्यापेक्षा शाळेचे छापील कॅलेंडर गोळा करा. दरवर्षी जूनमध्ये मुलाच्या हाती पडणारी ही लहानशी पुस्तिका. तिच्यात नियम, प्रार्थना, हाऊसची (शाळेतल्या मुलांच्या गटांची) नावे, सुट्ट्या, आणि मागे उशिरा आल्याचे, रजेचे व तक्रारीचे शेरे लिहायची पाने. ३१ जुलैला संत इग्नेशियस, ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला गेली की त्याच तासाला बाकीच्यांना मोरल सायन्स. हा वर्ग-फोड तास वेळापत्रकात कुठे होता, दिवसाच्या सुरुवातीला की जेवणाच्या सुटीआधी, यावरून शाळेचा कल कळतो. मागच्या पानांवरचे शेरे तर अप्रतिम असतात. ‘डबा वर्गात उघडला.’ ‘चर्चगेटहून येणारी गाडी उशिरा’ याखाली बापाची सही आणि त्याखाली शिक्षकाची शंका. शिक्षा म्हणून पन्नास वेळा लिहायची इम्पोझिशन, शनिवारचे डिटेंशन, स्पर्धेत हाऊसला मिळालेले गुण. वर्गाचे दोन पक्ष पाडून चुरस लावायची पद्धत येशूसंघाच्या १५९९च्या अभ्यासनियमावलीइतकी जुनी. रोमन विरुद्ध कार्थेजियन अशी ती युरोपात चाले. आजच्या लाल-निळ्या-हिरव्या-पिवळ्या हाऊसमध्ये ती ओळखू येते. अशी कॅलेंडरे माळ्यावर असतात आणि घर रिकामे करताना रद्दीत जातात. शाळेच्या ग्रंथालयात बहुधा एकही नसते.

मैदानावरच्या इतिहासाला स्कोअरबुक हवे. हॅरिस आणि जाइल्स शील्डच्या सामन्यांचे निकाल वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत मिळतात, पण अकरा जणांत कोण होते, बारावा कोण होता आणि सामन्यापायी किती दिवस वर्ग बुडाला हे स्कोअरबुक आणि हजेरीपट शेजारी ठेवल्यावरच दिसते. शाळेपासून आझाद मैदान चालत काही मिनिटांवर. या एका भौगोलिक सोयीने झेवियर्सच्या क्रिकेटचे जेवढे भले केले, तेवढे कुठल्या प्रशिक्षकाने केले असेल असे वाटत नाही. वांद्र्याच्या स्टॅनिस्लॉसची हॉकी पाहावी म्हणजे दुसरी बाजू कळेल: तिथे वस्तीच हॉकी खेळणारी होती.

एका कागदाकडे मुद्दाम लक्ष वेधतो. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने हुकूम काढला की, इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे फक्त अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या नागरिकांच्या मुलांनाच प्रवेश द्यावा. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या प्रकरणात (ती शाळा अँग्लिकन, पण प्रश्न सगळ्यांचा) उच्च न्यायालयाने हा हुकूम रद्द केला आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मराठी, गुजराती आणि कोकणी घरांतल्या मुलांना इंग्रजी शाळेचे दार बंद होऊ शकते, अशी टांगती तलवार असलेले ते पाच महिने. त्या वर्षीच्या जून महिन्याच्या प्रवेशनोंदी आधीच्या आणि नंतरच्या वर्षाशी ताडून पाहिल्या तर पालकांची घालमेल आकड्यांत दिसेल. २०२०च्या कायद्याने मराठी सक्तीची झाल्यावर ज्या वाचकांना या शाळा मराठीशी फटकून वागल्या असे वाटते, त्यांनी तर हे वर्ष जरूर पाहावे. तिथे मराठी शिकणाऱ्या मुलांची संख्या परीक्षेच्या निकालपत्रकांवरून काढता येते. कोण लॅटिन घेई, कोण फ्रेंच, कोण संस्कृत, कोण मराठी, हे त्यात लिहिलेले असते. मत नंतर बनवावे.

शाळेत कागद नसतील तर? शिक्षण खात्याच्या जुन्या फायली आणि संचालकांचे वार्षिक अहवाल काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालयात आहेत. अनुदान निकालावर मिळत असे त्या काळात तपासनीस किती मुले तपासून गेला, किती पास झाली, यांची नोंद सरकारदरबारी होई. शाळेचे स्वतःचे रजिस्टर वाळवीने खाल्ले असले तरी ती शिल्लक असू शकते. कॅथलिक साप्ताहिक ‘एक्झामिनर’ १८५०पासून निघते, त्यात बक्षीस समारंभांच्या बातम्या नावांसकट आहेत. आणि सेंट झेवियर्स कॉलेजातली हेरास संस्था शाळेला लागूनच आहे; संदर्भ शोधायला ट्रामभाडेही लागत नाही.

गटफोटोंबद्दल शेवटचे. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकट त्याचा फोटो घ्यावा. नावांची पट्टी चौकटीच्या लाकडाखाली दडलेली असते, म्हणून आधी चौकट उघडावी. मागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा उठाव चेहऱ्यावर येतो. आणि ‘बसलेले, डावीकडून’ हे पाहणाऱ्याच्या डावीकडून की बसलेल्यांच्या, हे लिहून ठेवावे.

आपला,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक, गिरगाव, मुंबई